शेजारच्या खुर्चीतलं खार्टूम

"तुमच्या किडन्या आठ टक्केच काम करतायत," डॉक्टर म्हणाल्या आणि रिपोर्टवरच्या आठावर पेनाने गोल काढला. एंड स्टेज रीनल फेल्युअर, म्हणजे किडन्या कायमच्या थकल्या. माझ्या डोक्यात मात्र खालच्या कार पार्कचं तिकीट होतं. त्याची वेळ संपत आली होती.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे राहिले नाहीत. हातात फिस्टुला केला, म्हणजे शीर आणि धमनी जोडून जाड केलेली नस. तिच्यात दोन सुया. चार तास मशीन रक्त धुऊन परत देतं. दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा आणि आमटी. तुम्हीही या वाटेवर असाल तर आधीच सांगते, तहानेची सवय होत नाही. थकव्याची होते.

पहिले दोन महिने मी नुसती कुरकुर केली. मशीन वीस मिनिटं उशिरा लागलं तरी सिस्टरला ऐकवायचे. एकदा गाडीत हे म्हणाले, "अगं, मिळतंय ते गपचूप घे की." घरी पोचेपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही.

शेजारच्या खुर्चीत मिस्टर उस्मान असत. सुदान सोडून इथे आलेले, सत्तरीचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांची धाकटी बहीण आमनाही डायलिसिसवर होती, पण खार्टूममध्ये. यादवी युद्धात तिची वस्ती निमलष्करी दलाच्या ताब्यात गेली होती. तिथलं सेंटर जनरेटरवर, आठवड्यातून एकदा चालायचं. मग डिझेल संपलं. दुसरं सेंटर नदीपलीकडे, लष्कराच्या बाजूला, आणि मधला पूल बंद.

त्याच आठवड्यात लष्कराने शहर परत घ्यायला चढाई सुरू केली. उस्मान मोकळ्या हाताने फोनवरचा नकाशा मोठा करून दाखवत. लष्कर इथे, पूल इथे, आमना तिथे.

"कोण जिंकावं असं वाटतं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"दोन्ही बाजूंनी माझे विद्यार्थी मारलेत," ते म्हणाले. "मला फक्त पूल हवाय."

डायलिसिसविना माणूस किती दिवस काढतो, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवत नसे. सोमवारी सैन्य पुलापासून चार गल्ल्यांवर होतं. बुधवारी तीन. मला त्या सैन्याचा राग यायचा, मशीनला उशीर झाला की सिस्टरचा येई तसाच. शुक्रवारीही आमनाचा फोन लागला नाही.

शनिवारी दुपारी बातमी आली. पूल आणि आमनाची वस्ती लष्कराने परत घेतली होती. मला भरून आलं. आमच्याकडे चांगली बातमी आली की तोंड गोड करतात. मी मिल्क पावडरचे पेढे केले, छोटे छोटे. दुधाची मिठाई आम्हा डायलिसिसवाल्यांना वर्ज्य. फॉस्फेट वाढतं, म्हणजे हाडं झिजतात आणि अंगाला खाज सुटते. म्हटलं, एकाने काय होतंय.

सोमवारी सुया लागल्या लागल्या मी डबा उघडला आणि "अभिनंदन" म्हणून मोकळी झाले.

उस्मान डब्याकडे बघत राहिले. "काल फोन लागला," ते म्हणाले. "शेजारणीने उचलला. आमना गुरुवारी गेली."

मला उठून जाताही येईना. चार तास त्या डब्यासकट तिथेच. "फोन लागला का," एवढंच आधी विचारायचं होतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

तासाभराने त्यांनीच विचारलं, हे काय असतं. मी खाली बघत सांगितलं, पेढे, चांगली बातमी आली की वाटतात.

"आमनाच्या मशीनवर तिच्यानंतर एका शाळकरी मुलीचा नंबर असायचा," ते म्हणाले. "काल ती पूल ओलांडून गेली. तिचं डायलिसिस झालं." मग त्यांनी हात पुढे केला. "तिच्यासाठी एक द्या."

ते रडत रडत खात होते. मीही एक खाल्ला. सिस्टरने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मशीन अजूनही कधीकधी उशिरा लागतं. मी बसून राहते. अंगात त्राण नसतं, पण मशीन लागणार आहे हे मला माहीत असतं, आणि त्याबद्दल आभार कुणाचे मानायचे ते कळत नाही. आमच्या रस्त्यात कालव्यावर एक छोटा पूल आहे. तो आला की मी यांना गाडी जरा हळू घ्यायला सांगते.