राठोड साहेबांची भिंत

भिंतीला पोट आलं होतं. गाडीतून उतरतानाच ते मला दिसलं आणि बाकीचं काही ऐकून घ्यायची इच्छाच राहिली नाही. पण चहा झाल्याशिवाय विषयाला हात घालू देतील, तर ते राठोड साहेब कसले!

मी यवतमाळला स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करते. राठोड साहेब कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी दारव्हा तालुक्यातले नाले अडवले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे तांड्या-तांड्यावर जाऊन इतकं सांगितलं की लोक त्यांना त्याच नावाने चिडवायचे. रिटायर झाल्यावर ते बोरी अरबच्या अलीकडे आपल्या तांड्यावर परत आले. घर उतारावर. त्यांनी घरामागे बाग केली आणि बागेची माती खाली जाऊ नये म्हणून स्वतः राबून दगडी रिटेनिंग वॉल बांधली. साधी भिंत छप्पर पेलते, ही पाठीवर माती पेलते. भिंतीच्या खाली एक अरुंद बोळ आणि बोळीपलीकडे धाकट्या भावाचं, प्रल्हादचं स्वयंपाकघर. भिंत पडली तर ती त्या चुलीवरच पडणार होती.

मला बोलावलं होतं ते बागेतल्या फरशीला भेग पडली म्हणून. भेग भिंतीला समांतर होती. अशी भेग म्हणजे मागची माती भिंतीला घेऊन पुढे निघाली आहे.

खरं सांगते, काम बघून मी चाट पडले. हौशी माणसाचं वाटतच नव्हतं. साहेबांनी बांधतानाचे फोटो दाखवले: पाया काळी माती ओलांडून पक्क्या मुरमापर्यंत नेलेला. भिंतीला मागच्या बाजूला थोडा कल. पाठीमागे गिट्टीचा थर, आणि माती वाहून येऊन गिट्टी चोंदू नये म्हणून मध्ये कापड. खालच्या अंगाला वीप होल, म्हणजे मागचं पाणी पुढे यावं म्हणून भिंतीतून आरपार ठेवलेले पाइप. माझ्या हाताखालचे कॉन्ट्रॅक्टर पैसे घेऊनही एवढं नीट करत नाहीत. मग हिला पोट का यावं?

तेवढ्यात प्रल्हादच्या बायकोने, सविताने, मला खुणेनं खाली बोलावलं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून भिंत समोरच दिसत होती. पोळ्या लाटता लाटता ती रोज तेच पाहायची.

“उन्हाळ्यात त्या पाइपातून पाणी टपके,” ती हळूच म्हणाली. “मंग ते बंद झालं. तवापासून हे फुगून राह्यलं.”

मी विचारलं, मग साहेबांना सांगितलं का नाही? तिने पदर पुढे ओढला.

“जेठासंगं बोलत नाई नं आमच्यात, मॅडम.”

नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तोंड उघडायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. नवऱ्याला तिने सांगितलं होतं. प्रल्हाद म्हणाला, दादाले सगळं कळते. विषय संपला.

मी एक सळई घेतली आणि पाइपात घातली. आत जाऊन टणकन अडली. दुसरा पाइप, तिसरा, सगळे तसेच. आत सिमेंट होतं. मी वर गेले.

“राठोड साहेब, हे पाइप काहून बुजवले?”

“पाणी वाया जाऊन राह्यलं होतं नं, मॅडम,” ते हसत म्हणाले. “इथं लोकं टँकरची वाट पाहतेत अन् माह्या बागेचं पाणी बोळीत वाहे. जल्मभर लोकायले सांगतलं, अडवा म्हणून. माह्याच घरचं कसं जाऊ देऊ? जित्याची खोड आहे आता ही.”

डोक्याला हात लावला मी. आंघोळीचं, कपड्याचं, छपरावरचं, सगळं पाणी त्यांनी बागेत वळवलं होतं. शेतात हे पुण्याचं काम. भिंतीमागे हाच घात. गिट्टीतून पाणी झरझर खाली उतरतं, म्हणून तर ती घालायची. पण खालचं तोंड बंद केलं की तीच गिट्टी हौद होते. त्यात पावसाची झड लागलेली. काळी माती पाणी पिऊन फुगली आणि तिचा रेटा, हौदाचा रेटा, दोन्ही भिंतीवर. भिंत मातीसाठी बांधली होती, पाण्यासाठी नाही.

मी सांगितलं, स्वयंपाकघर आत्ताच्या आत्ता रिकामं करा. बोळीत कुणी जायचं नाही. उद्या मी माणसं आणते, वरून मागची माती काढून भार उतरवू, पंपानं पाणी उपसू, आणि पाइप उघडायचे ते सगळ्यात शेवटी. पुढून भिंतीला कुणी बोटही लावायचं नाही. ते मान डोलवत होते. मग म्हणाले, “मॅडम, तेवढं पाणी मंग कुठं जाईन?”

माझा पारा चढला. “जाऊ द्या नं साहेब नाल्यात! माणसं महत्त्वाची का पाणी?”

संध्याकाळपर्यंत भांडी, गॅस, धान्याच्या कोठ्या सगळं साहेबांच्या ओसरीवर आलं. ते पाहूनच मी निघाले. मला वाटलं, संकट टळलं.

सकाळी माणसं घेऊन मी निघाले, तर वाटेतच प्रल्हादचा फोन आला. त्याला नीट बोलताही येईना. भिंत पडली होती आणि दादा खाली होते.

आम्ही पोचलो तेव्हा तांड्यातल्या लोकांनी दगड बाजूला करून त्यांना काढलं होतं. जीव गेलेला होता. हातातलं ड्रिल मशीन मातीत रुतलेलं. सगळ्यात खालच्या पाइपाशी बसून ते सिमेंट फोडत होते, आणि शेजारी निळा प्लास्टिकचा ड्रम आणून ठेवलेला होता. चेपलेला. निघेल ते पाणी धरून ठेवायला. तो ड्रम पाहिला आणि मला इतका राग आला त्या माणसाचा, की मी तिथेच उभी राहून ढसाढसा रडले.

तेरवी झाल्यावर प्रल्हादने नव्या भिंतीच्या ड्रॉइंगसाठी बोलावलं. माप घेताना सविता जवळ येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर नुसता खांद्यावर होता. आता तो पुढे ओढावा असं घरात कुणी उरलं नव्हतं.

“भिंत पडली त्या सकाळी म्या पाह्यलं होतं त्याईले बोळीत बसलेलं,” ती म्हणाली. “तुमी नाई म्हनलं होतं, हे मले ठाऊक होतं. आमच्या ह्यायले बोलवाले म्या शेताकडं पळाली. अर्ध्या वाटेत आवाज आला.” मग तिने विचारलं, “दारातून हाक मारली असती तं उठले असते का वो, मॅडम?”

उठले असते. मला माहीत होतं आणि तिलाही. मी म्हटलं, सांगता येत नाही. नोकरीधंद्यात खोटं फार कमी बोलले, त्यातलं हे एक.

नवी भिंत बुटकी केली, दोन पायऱ्यांत. छपराचं पाणी बाहेरून नाल्याला सोडलं. पाइपांच्या तोंडाला जाळ्या बसवल्या आणि दर पावसाळ्यापूर्वी सळई घालून पाहायला सांगितलं. एवढं केलं तर बागेची अशी बुटकी भिंत कुणालाही बांधता येते, त्यात इंजिनिअर लागत नाही.

माझ्या कामात मी एकच बदल केला. आता कुठलीही भिंत पाहायला गेले की खाली राहणाऱ्या बाईला आधी विचारते. आणि तिने माझ्या कानात सांगितलं, तर तिला हाताला धरून वर नेते आणि घरातल्या मोठ्या माणसासमोर तेच पुन्हा बोलायला लावते. घरात कुणाला राग आला तर येऊ देते.