पाणी आलं की थांबायचं

आमच्या शहराच्या सांस्कृतिक महोत्सवात लेखकांशी गप्पांचा कार्यक्रम असतो, आणि त्या लेखकांना वेळेवर गप्प करण्याचं काम आमच्या ह्यांच्याकडे आहे. थट्टा करत नाही. लेखक मंडळी बोलतात गोड, पण थांबत नाहीत. नमनालाच घडाभर तेल जातं, मग बालपण येतं, मग बालपणातलं झाड येतं, आणि पुढचा लेखक पडद्यामागे ताटकळत उभा राहतो. अशा भल्याभल्यांना माझ्या नवऱ्याने पाणी पाजलंय, आणि तेही खरोखरचं, काचेच्या पेल्यातून.

हे नोकरीला बस डेपोत होते, कंट्रोलर म्हणून. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, वेळ झाली की शिट्टी मारायची आणि गाडी सोडायची. एकदा माझी नणंद, म्हणजे ह्यांची सख्खी बहीण, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गाडीमागे धावत होती. ह्यांनी तिला पाहिलं आणि शिट्टी मारली. गाडी गेली. नणंदबाईंनी वर्षभर अबोला धरला. "अगं, पण गाडी थोडीच माझ्या घरची होती?" हे मला विचारायचे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ह्यांना लागू नाही. ह्यांच्या लेखी सगळीच कार्टी.

निवृत्त झाल्यावर महोत्सवाच्या संयोजक बाईंनी ह्यांना बोलावून घेतलं. त्या वर्षानुवर्षं ह्यांच्याच डेपोतून कामाला जायच्या, त्यामुळे माणूस कसा आहे ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. पहिल्या वर्षी 'वेळ संपली' अशी चिठ्ठी द्यायची ठरली. लेखक चिठ्ठी वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि पुढे बोलायचे. मग घंटी आणली. एका कादंबरीकाराला वाटलं कुणाचा तरी फोन वाजतोय. त्याने मोबाईल बंद ठेवण्यावर वेगळं भाषण दिलं.

मग एक दिवस एका कवयित्रीला बोलता बोलता ठसका लागला. हे पाणी घेऊन गेले. बाई प्यायल्या, पेला परत दिला, समोर पाहिलं, हसल्या आणि 'आभारी आहे' म्हणून खाली बसल्या. ह्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी येऊन मला म्हणाले, "माणूस एका वेळी पिऊ तरी शकतो नाहीतर बोलू तरी शकतो. दोन्ही जमत नाही."

तेव्हापासून पाणी. त्याचीही रीत आहे. डाव्या बाजूच्या वाटेने जायचं, बशीत पेला, वर झाकण. पेला टेबलावर ठेवायचा नाही, कारण टेबलावरच्या पाण्याला कोणी भीक घालत नाही. थेट हातात द्यायचा आणि पिऊन होईपर्यंत शेजारी उभं राहायचं. आता हे सगळ्यांना माहीत झालंय. मोठमोठे लेखक बोलायला उभे राहिले की आधी ह्यांची खुर्ची शोधतात आणि म्हणतात, "पाणी यायच्या आत सांगून टाकतो." शहरात कुठेही सभा लांबली तरी मागून कोणीतरी ओरडतं, "पाणी आणा." मी बाजारात गेले की भाजीवाला मला पाणीवाल्या काकांची काकू म्हणतो. मला आवडतं ते.

आता आमच्या लेकीविषयी. ती बोलताना अडखळते. लहानपणापासून. एखादा शब्द तिच्या ओठांशी येऊन थांबतो आणि काही केल्या बाहेर पडत नाही. ती डॉक्टरांकडे गेली, व्यायाम केले, थोडा फरक पडला, पण अडखळणं राहिलं. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या आणि ती उभी राहिली की म्हणायच्या, "बस बाळ, राहू दे." वाईट नव्हत्या त्या. सगळेच तिला सांभाळून घ्यायचे.

घरात मात्र वेगळा कारभार होता. मी काही सांगायला लागले की हे म्हणायचे, "मुद्द्यावर ये." आणि तिचा शब्द अडकला की हातातला घास हातात धरून बसायचे. भाजी निवायची, घास तसाच. एकदा मला राहवलं नाही, मीच तिचा शब्द पुरा केला. तेव्हा हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तिची गाडी आहे. तिला चालवू दे." जन्मभर गाड्या सोडणारा हा माणूस लेकीच्या वाक्याला मात्र कधी शिट्टी मारत नव्हता. माझ्या वाटणीची सगळी सबुरी ह्यांनी तिच्यावर खर्च केली, आणि ह्याबद्दल माझी आजवर एकदाही तक्रार नाही.

ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांचे डोळे तपासते आणि घरी येऊन लिहिते. गेल्या वर्षी तिच्या गोष्टींचं पुस्तक आलं, आणि यंदा महोत्सवाने तिला बोलावलं. अर्धा तास, एक गोष्ट वाचायची आणि दोन शब्द बोलायचे. मी पुस्तक आल्या दिवशीच वाचून काढलं. ह्यांनी उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, "मी तिच्या तोंडून ऐकेन." जी गोष्ट ती वाचणार होती तिचा शेवट मला ठाऊक होता, आणि तो भरल्या सभागृहात ह्यांच्या कानावर पडावा, एवढी एकच इच्छा मी धरून बसले होते.

संयोजक बाई भल्या. त्यांनी ह्यांच्याबरोबर निरोप पाठवला की मुलीला थोडा जास्त वेळ देऊ, कोणाची हरकत नाही. जेवताना ह्यांनी तो जसाच्या तसा सांगितला आणि पुढचा घास घेतला.

"नको," लेक म्हणाली.

"अगं, आपणहून देताहेत तर घे की," मी म्हटलं.

ती बोलायला लागली आणि मध्येच अडकली. आम्ही थांबलो. मग म्हणाली, "आई, तोंडी परीक्षेत मला सूट. गॅदरिंगला सूट. कॉलेजात सूट. आता ह्यातही सूट दिली तर मी लेखिका कसली? बाबा, मला पाणी द्यायचं. सगळ्यांना देता तसं."

ह्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते काही कळलं नाही. रात्रीची भांडी आवरताना मी विचारलं, "अहो, खरंच उठणार आहात का? पोटची पोर आहे." हे म्हणाले, "गाडी वेळेवर सुटेल." मी कढई जरा जोरातच आपटली.

कार्यक्रमाच्या दिवशी ह्यांनी स्वतःच्या हाताने शर्टाला इस्त्री केली आणि पेला धुतला. मग पुसला आणि परत धुतला. मी म्हटलं, त्या पेल्याने काय घोडं मारलंय तुमचं? ह्यांनी पेला उजेडात धरून पाहिला.

सभागृह भरलं होतं, कारण तिच्यानंतर एक फार नावाजलेले लेखक बोलणार होते. लेक उभी राहिली, निळा कुडता घातलेली. ती आपलं नाव सांगायला लागली आणि त्यातच अडकली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी हळूच शब्द पुरवला. लेक थांबून राहिली, त्यांच्याकडे बघून हसली आणि तो शब्द स्वतःच म्हणाली. माझी मान तेव्हाच ताठ झाली.

गोष्ट अशी होती. बस डेपोत हरवलेल्या सामानाची एक खिडकी असते. तिथे एक म्हातारा रोज येतो आणि आपली काळी छत्री सापडली का विचारतो. म्हातारा फार सावकाश बोलतो. मागचे लोक चिडतात, पण खिडकीतला कारकून रोज त्याचं ऐकून घेतो, रोज उठून फळीवर शोधतो आणि नाही म्हणून सांगतो. लोक हसत होते, पुढे सरकून ऐकत होते. ती अडकली की थांबत होते. थांबायचं कसं ते तिने त्यांना पाच मिनिटांत शिकवलं होतं. शेवटी एक दिवस कारकुनाला काळी छत्री सापडते. तो आनंदाने ती म्हाताऱ्यापुढे ठेवतो. म्हातारा छत्रीकडे बघतो आणि म्हणतो, "ही माझी नाही." कारकून विचारतो, "मग तुमची कशी होती?" म्हातारा सांगायला तोंड उघडतो...

आणि हे उठले.

मी बाजूच्याच रांगेत होते. ह्यांनी पेल्यावरचं झाकण एकदा सरळ केलं, परत एकदा केलं. आजवर कधी असं केलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, "अहो काका, वाचू द्या की तिला." दुसरं कोणी कुजबुजलं, "त्यांचीच मुलगी आहे ती." हे डाव्या वाटेने गेले, पायऱ्या चढले, झाकण काढलं आणि पेला तिच्या हातात दिला. तिथेच उभे राहिले, नेहमीसारखे.

लेकीने पुस्तक मिटलं. सावकाश सगळं पाणी प्यायली, पेला बशीत ठेवला आणि माइकमध्ये म्हणाली, "आभारी आहे." एकदाही न अडखळता. आणि हसली, अशी की शाळेच्या कुठल्या फोटोतही ती तशी हसलेली नाही. टाळ्या थांबेनात. नावाजलेले लेखक पडद्याआडून बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते. खाली उतरल्यावर लोकांनी तिला गराडा घातला, म्हातारा काय म्हणाला सांगा ना. ती प्रत्येकाला एकच सांगत होती, "पुस्तकात आहे." आणि पुस्तकांच्या टेबलापाशी रांग लागली.

मला ह्यांचा राग आला होता आणि अभिमानाने ऊरही भरून आला होता. दोन्ही एकदम. लेकीने मागितलं ते ह्यांनी दिलं, हे मला कळत होतं. पण शेवट ह्यांनी ऐकला नव्हता, आणि तो ऐकण्याचा हक्क त्या सभागृहात ह्यांच्याइतका कोणाचाच नव्हता.

घरी आलो. हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, हातातलं घड्याळ काढून फ्रिजवर ठेवलं आणि लेकीला म्हणाले, "हं. म्हातारा काय म्हणाला?"

तिने पुस्तक उघडलं. म्हातारा सांगतो की त्याची छत्री कधी हरवलीच नव्हती. सगळ्या शहरात त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारा माणूस त्या एका खिडकीत बसतो, म्हणून तो रोज येतो. हे वाचताना ती फार अडखळली. एकेका शब्दाला थांबली. हे टेबलावर दोन्ही हात ठेवून बसून होते, आणि डोळे वाहत होते तरी पुसत नव्हते.

शेवटचं पान राहिलं होतं. तिचा घसा सुकला. "बाबा, जरा पाणी द्या ना," ती म्हणाली.

माठ ह्यांच्या हाताशीच होता. हे जागचे हलले नाहीत.

"तुझं तू घे," हे म्हणाले. "माझ्या हातून आलं की थांबावं लागतं."