तात्यांचं स्वित्झर्लंड ठरेना

तात्यांच्या तोंडून 'न्हाय' हा शब्द मी जवळजवळ कधीच ऐकला नाही. कोल्हापूरच्या माणसाबद्दल असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, कारण आमच्याकडे नकार तोंडावर फेकायची पद्धत आहे. तात्यांना कुणी सायकल मागितली तर ते म्हणायचे, "ने की. मागच्या चाकात तेवढी हवा कमी हाय." मलकापूरच्या लग्नाचं बोलावणं आलं की म्हणायचे, "येतो की. रस्ता तेवढा लई वळणाचा हाय." मागणारा काय ते समजून घ्यायचा आणि सायकल, लग्न, सगळं तिथंच राहायचं. कुणाला दुखवायचं नाही, आणि मनाविरुद्ध करायचंही नाही. या दोन्हींच्या मधली वाट त्यांनी अशी नावं ठेवून काढली होती.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर ते रोज संध्याकाळी म्हैस घेऊन उभे असायचे. आपण समोर उभं राहायचं, ते म्हशीखाली ग्लास धरून धार काढायचे आणि फेसाळलेला कोमट ग्लास थेट आपल्या हातात द्यायचे. लहानपणी वडील मला तिथं घेऊन जात. एकदा मी साखर मागितली तेव्हा तात्या म्हणाले होते, "साखर घालून प्याचं तर घरात बसून चा पी की." तेव्हापासून मी बिनसाखरेचं दूध पिते आणि मनातल्या मनात त्यांना घाबरते, असं कित्येक वर्षं चाललं.

घरामागच्या गोठ्यात त्यांच्या चार म्हशी होत्या, पण जीव एकीत. चंद्री. पंढरपुरी जातीची, पाठीपर्यंत गेलेल्या शिंगांची, आणि तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे जगातली सर्वांत मानी म्हैस. "माझा हात लागंल तवाच ती पान्हा सोडती, आणि म्होरं बी तवाच सोडंल," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. बाकीच्या तिघींच्या धारा पुतण्या काढायचा. चंद्रीच्या कासेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एका पावसाळ्यात ते तापानं फणफणले होते. तरी घोंगडं पांघरून, दात वाजवत चंद्रीखाली बसलेले मी पाहिलेत. आम्हा सगळ्यांना त्या हाताचं मोठं कौतुक होतं.

पुढं मी राजारामपुरीत एका प्रवासाच्या ऑफिसात नोकरीला लागले. तिथं एक दिवस तात्यांच्या पत्नी, शेवंताकाकी, जेवणाच्या डब्याची पिशवी पोटाशी धरून आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पशुखाद्याच्या कंपनीचं एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष कधीच संपलं, पण काकींनी ते उतरवलं नव्हतं; त्यावर हिरवी उतरण, तिच्यावर एक लाकडी घर आणि मागं बर्फाचा डोंगर होता. मुलगा सुहास जर्मनीत इंजिनियर. त्यानं फोनवर सांगितलं होतं की तुम्ही दोघं या, मी दहा दिवस स्वित्झर्लंडला नेतो, गाव तेवढं तुम्ही ठरवा. काकी आयुष्यात माहेरच्या गगनबावड्यापलीकडं फारशा गेल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी मला विचारलं, "कॅलेंडरातल्यागत गाव हाय का कुठं?"

मी घाईत होते, दुसरं गिऱ्हाईक ताटकळत होतं. मी संगणकावर एक गाव काढलं आणि त्याचा रंगीत कागद छापून त्यांच्यापुढं ठेवला. काकींनी तो बराच वेळ पाहिला. बोटानं घरं मोजल्यासारखं केलं, आणि म्हणाल्या, "हे बरं हाय." मग कागदाची घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि गेल्या.

पुढच्या महिन्यात परत आल्या. तात्यांनी त्या गावात काहीतरी खोट काढली होती. काय, ते त्यांनी सांगितलं असणार. मी ऐकलंही असणार. काकी मुळीच खट्टू दिसल्या नाहीत. पदर सावरून एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते. दुसरं दाव."

इथून आमचं जे सुरू झालं ते सहा वर्षं चाललं. मी गाव दाखवायचे, काकी कागद घरी न्यायच्या, तात्या नाव ठेवायचे. झेरमॅटमध्ये मोटारी चालत नाहीत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग वैरण कशी येती? इंटरलाकेन दोन तळ्यांच्या मधे आहे म्हटल्यावर तिथं बारमाही चिखल असणार असं ठरलं. ग्रिंडेलवाल्ड डोंगराच्या सावलीत असल्यामुळं तिथला गोठा कधी वाळत नसणार. लाउटरब्रुनेनच्या धबधब्यांना तर त्यांनी सासुरवाडीचं उदाहरण दिलं: गगनबावड्याच्या घाटात पावसाळ्यात एवढं पाणी नुसतं रस्त्यावर पडतं, त्यासाठी इमानात कशाला बसायचं? ऑफिसात आम्ही हे एकमेकांना सांगून पोट धरून हसायचो. मी तर नवं गाव दाखवताना आता तात्या काय म्हणतील याची पैज लावायचे.

एकदा दुपारी मी त्यांच्याकडं गेले तेव्हा ते ठरवणं प्रत्यक्ष पाहिलं. गोठ्याच्या दारात पोतं अंथरून दोघं बसले होते. तात्यांचे हात म्हशींचं आंबोण कालवून बरबटलेले, म्हणून काकी कागद त्यांच्या डोळ्यांपुढं धरत होत्या आणि खालचा मजकूर अडखळत वाचून दाखवत होत्या. तात्या मधेच गंभीर प्रश्न विचारत: उन्हाळा किती महिने, गवत कापतात का चारतात, गाय किती दूध देते. म्हशी नाहीत हे कळल्यापासून त्या देशाबद्दलचं त्यांचं मत तसंही खाली आलं होतं. चहा गार होऊन साय धरली तरी दोघांचं लक्ष नव्हतं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. एवढं बोलतात तर एकदाचं जात का नाहीत असं वाटलं होतं.

एकाच गावाला तात्या गप्प झाले. अ‍ॅपेन्झेल. तिथं उन्हाळा संपला की डोंगरावर चरायला गेलेल्या गाई गळ्यात मोठ्या घंटा बांधून, डोक्यावर फुलं माळून गावात उतरतात. तो फोटो पाहून ते म्हणाले, "हे आपल्या पाडव्यागत झालं की." दिवाळीच्या पाडव्याला तात्या चंद्रीची शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, पायांत घुंगरू बांधून तिला मिरवायचे. काकी ऑफिसात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. मी लगेच तारखा काढल्या. सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी निरोप आला, सप्टेंबरात चंद्री व्याणार.

मग मी पेटले. दुभती असताना तिला सोडता येत नव्हतं आणि आटली की ती गाभण असायची. मी पुतण्याकडून चंद्रीच्या विण्याच्या आणि आटण्याच्या सगळ्या वेळा काढून घेतल्या आणि त्यात बसणारे दहा दिवस शोधले. दोघांचे पासपोर्ट करून घेतले, व्हिसाचे कागद भरले. तात्या काकींना घेऊन सही करायला म्हणून आले, स्वच्छ धुतलेली टोपी घालून. पेन हातात घेऊन म्हणाले, "जाऊ की. गाभण जनावर तेवढं घरात हाय." मी म्हटलं, एकदा दुसऱ्या कुणाला बसवून तर बघा चंद्रीपाशी, पुतण्याला बसवा. ते म्हणाले, "बसवू की. लाथ तेवढी मारंल त्येला." मला राहवलं नाही. "तात्या, सरळ नाही म्हणा की एकदा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वर बघत म्हणाले, "तुमचा पंखा लई वाजतोय, पोरी."

काकींनी सही न झालेला कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, सरळ केला आणि पिशवीत ठेवला. मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. दुसरं दाव." त्या दिवशी मी दुसरं काही दाखवलं नाही. तुम्ही एकट्या जा, सुहास आहे की तिकडं, असं मी त्यांना चिडून सांगितलं. त्यावर काकी म्हणाल्या, एकटीनं डोंगर बघून तो दावायचा कुणाला?

मागच्या पावसाळ्यात काकींच्या पोटात दुखायला लागलं. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी हातचं काही राखून बोलायचं कारण उरलं नव्हतं. तात्या सकाळची धार काढून दवाखान्यात यायचे, पायाशी बसायचे आणि तीन वाजले की उठायचे, कारण चंद्रीची वेळ झालेली असायची. खोलीला ऊन येत नाही, पाण्याला वास येतो, असं नर्सला सांगत राहायचे. घरी घेऊन जातो असं म्हणता येत नव्हतं, म्हणून ते खोलीला नावं ठेवत होते.

एका संध्याकाळी ते कट्ट्यावर गेल्यावर मी काकींपाशी बसले होते. त्या फार हलक्या झाल्या होत्या. त्यांनी आपणहून विषय काढला.

"त्यास्नी न्हाय म्हणता येत न्हाय. मला पयल्याच वर्षी कळलंतं."

"मग सहा वर्षं माझ्याकडं कशाला येत होता?"

"ठरवाय. कागद नेला की ते तासभर बसायचे माझ्याजवळ. एरवी कवा बसल्यात?"

ज्यावर मी पैजा लावत होते तोच त्यांचा सगळा संसार होता. मी विचारलं, खरं सांगा काकी, एवढ्यांतलं तुम्हाला कुठलं आवडलं होतं? त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"पयलंच."

काकी दिवाळीच्या आधी गेल्या. सुहास आला, दिवसपाणी करून परत गेला. पाडव्याला कट्ट्यावरच्या सगळ्या म्हशी नटल्या, चंद्री दावणीलाच होती. महिन्याभरानं तात्यांनी तिला वडगावच्या बाजारात विकली. का विकली ते कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर ते एकदाच ऑफिसात आले. आता तेही नाहीत, उन्हाळ्यात झोपेतच गेले, म्हणून हे सांगायला हरकत नाही. काकींची डब्याची पिशवी त्यांच्या हातात होती. बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "चंद्री नेलेला वडगावचा माणूस भेटलाता. त्येची सून काढती धार. दुसऱ्याच दिवशी पान्हा सोडला म्हनं." ते पुढं म्हणाले, "लई गरीब म्हस हाय म्हणाला." यात त्यांनी कुणालाही नाव ठेवलं नाही, त्या माणसाला नाही, सुनेला नाही, चंद्रीलाही नाही.

मग त्यांनी पिशवीतून सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा काढला. सहा वर्षांचे कागद, गोठ्याचा वास लागलेले, वर-खाली कसेही लावलेले. आता जायला आपल्याला कुणी धरून ठेवलेलं नाही, ते म्हणाले, तेव्हा तिनं ठरवलं होतं तिथंच जाऊन यावं. "तिचं कुठलं ठरलंतं, पोरी? तुला म्हाईत असंल."

मी सांगितलं, पहिलं.

"पयलं कुठलं?"

मला आठवेना. तात्यांनी ठेवलेलं एकूण एक नाव मला तोंडपाठ होतं. वैरण, चिखल, सावली, घाटातलं पाणी, सगळं मी शब्दाला शब्द सांगू शकले असते. आणि काकींनी बोटानं घरं मोजलेलं ते गाव माझ्या डोक्यात कुठंच नव्हतं. तात्यांनाही नव्हतं. त्या बाईला काय हवं होतं हे आम्हा दोघांनाच माहीत असायला हवं होतं.

शेवटी मी खोटं बोलले. गठ्ठ्यातून एक कागद उचलला, हिरवी उतरण आणि लाकडी घरं असलेला, आणि त्यांच्यापुढं ठेवून म्हटलं, हे. मला वाटलं, म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल. तात्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. काकी धरायच्या तसा डोळ्यांपुढं नेला.

"न्हाय," ते म्हणाले. "दुसरं दाव."

मी दुसरा दाखवला. मग तिसरा. एकेक कागद ते पाहायचे, मान हलवायचे आणि बाजूला ठेवायचे. कुठल्या गावात काय खोट आहे ते आता बोलत नव्हते. गठ्ठा संपला, शेवटचा कागदही त्यांनी बाजूला ठेवला आणि परत म्हणाले, "दुसरं दाव की."

माझ्याकडं दुसरं नव्हतं.