एकेरी रस्ता

ग्रामसभेत मी दोनच मिनिटं बोललो होतो, आणि त्या दोन मिनिटांवर ग्रामपंचायतीवर निवडून आलो.

लेण्यांच्या पायथ्याला आमचं गाव. पावसाळ्यातल्या रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या अशा घुसायच्या, की सकाळी दूध घालायला गेलेला माणूस दुपारी घरी पोचायचा. मी तळेगावला कारखान्यात सुपरवायझर. अडलेला माल पुढं कसा सरकवायचा, हे माझं रोजचं काम. सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "यायचं वेशीतून, जायचं ओढ्याच्या रस्त्यानं. एकेरी करा, विषय संपला! एवढं साधं कुणाला सुचू नये?"

टाळ्या पडल्या. म्हातारे सरपंच आबा एवढंच म्हणाले, "पावसात वढा कसा चढतो, ठावं हाय का?" मी हसलो. त्या रस्त्यानं मी कायम उन्हाळ्यातच गेलो होतो, हे तेव्हा ध्यानातही आलं नाही.

सदस्य झाल्यावर पावसाळ्यातल्या पहिल्याच रविवारी फलक लावले. अकरापर्यंत गाड्या सुरेख पळाल्या. मग जोराची सर आली, ओढ्याचं पाणी रस्त्यावर चढलं, कड खचून एक गाडी रुतली. मागं सगळं ठप्प. नेमक्या त्याच वेळी त्या रस्त्यावरच्या एका मावशींच्या सुनेला कळा सुरू झाल्या. रिक्षा निघेना. शेवटी आम्ही चौघांनी तिला खुर्चीत बसवून भाताच्या बांधावरून हायवेपर्यंत नेलं. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता. मावशी छत्री धरून शेजारून चालत होत्या. त्यांनी शिव्या दिल्या तर बरं, असं वाटत होतं.

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्यावर मी माफी मागायला गेलो. मावशींनी चहा ठेवला.

"तू बोललास तवा मी बी टाळ्या वाजवल्या की," त्या म्हणाल्या. "माजं घर त्याच रस्त्याला हाय, मला तरी कुटं आठवलं? समदीच वैतागलो व्हतो रं. कुनीतरी सोपं सांगावं, आसं वाटत व्हतं."

तिथून उठून मी आबांकडं गेलो. "आता तुम्हीच सांगा काय करायचं," म्हटलं.

"मला ठावं आसतं तर मीच केलं न्हवतं का?" आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. काठी घेऊन ते माझ्याबरोबर निघाले आणि ओढ्याच्या रस्त्याखालच्या मोरीत पाणी कुठं तुंबतं, ते दाखवलं. मोरी रुंद करायची तर तीन शेतकऱ्यांची थोडी थोडी जागा लागणार होती. त्यांना राजी करण्यात दोन पावसाळे गेले. एकाच्या घरी तर आम्ही इतक्यांदा गेलो, की त्यांचा कुत्रा भुंकायचा थांबला.

मोरी रुंद झाली, ओढा आता रस्त्यावर चढत नाही. कोंडी अजून होते. पण पेशंटची गाडी निघते.