मेलेली माणसं पळत नाहीत

इस्पितळाच्या शवागाराची चावी सत्तावीस वर्षं ज्यांच्या कमरेला होती, त्यांना सगळे चावीमामा म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. मेलेल्यांबद्दल मामांचा अभ्यास दांडगा होता, जिवंतांबद्दल मत मात्र फारसं बरं नव्हतं. "माझ्याकडचं कुणी तक्रार करत नाही," असं ते कँटीनमध्ये सांगायचे आणि समोरच्याचा घास अडकला की मनातल्या मनात खूश व्हायचे.

अशा माणसाच्या घरात दर रविवारी दुपारी चार वाजता मुडद्यांची मालिका लागायची. कसलीशी साथ येते, मेलेले उठतात, जिवंतांच्या मागे लागतात आणि मूठभर माणसं एका बंद शाळेत लपून दिवस काढतात, अशी ती गोष्ट. पहिल्या पर्वात मुडदे शर्यतीला सोडल्यासारखे धावत होते. दुसऱ्या पर्वात ते भिंती चढायला लागले, आणि सहा महिने पाण्याचा थेंब नसताना नायिकेचे केस मात्र नुकते धुतलेले. मामा खुर्चीतून करवादायचे, "अगं, मेलेला माणूस इतका चपळ असता तर मला स्ट्रेचर कशाला लागलं असतं? हाक मारली असती, आला असता चालत!"

मामी डोळे न हलवता बघत राहायच्या. गेलेली माणसं उठून चालायला लागतात, एवढंच त्यांना त्या मालिकेतून हवं होतं. मामांना ते कळत होतं, म्हणून तोंडाने कितीही चरफडले तरी त्यांनी टीव्ही कधी बंद केला नाही.

पाच वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक गेली. ती कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती आणि त्या कारखान्याची इमारत भरदुपारी खाली बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मामांच्याच शवागारात आणलं. "जागच्या जागी गेली," मामांनी मामींना सांगितलं. "तिला काही कळलंसुद्धा नाही." या एका वाक्याच्या आधारावर मामी पुन्हा जेवायला लागल्या, झोपायला लागल्या, शेजारणीशी दोन शब्द बोलायला लागल्या. आणि ते वाक्य खोटं होतं.

दुसऱ्या पर्वाची लोकांनी इतकी टिंगल केली की वाहिनीने लेखकच बदलला. नवी लेखिका परवानगीचा कागद घेऊन थेट शवागाराच्या दारात उभी राहिली. "मेलेलं माणूस खरं कसं असतं, ते मला बघायचंय," ती म्हणाली. तिथे येणाऱ्या प्रत्येकाचे पाय बाहेरच्या दिशेला असायचे. ही बाई स्टूल ओढून बसली. मामा पाघळलेच.

आठ दिवस ती येत राहिली. मामांनी तिला सांगितलं की मेलेलं माणूस घाई करत नाही, म्हणून त्याची भीती वाटते. नातेवाईक टीव्हीत दाखवतात तसा हंबरडा फोडत नाहीत. बरेच जण आधी बूट कुठे आहेत ते विचारतात, एकच बूट मिळाला तर दुसऱ्यासाठी भांडतात. ती भराभर लिहून घेत होती. शेवटच्या दिवशी वही मिटता मिटता तिने विचारलं, "मामा, सगळ्यात जड कोण गेलं तुमच्या हातून?"

पाच वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं. मामा बोलून गेले. लेकीची नखं लांब, लाल रंगवलेली. शिलाई करताना अडकतात म्हणून आईशी रोज वाद. त्या सकाळी त्या नखांत विटांचा चुरा गच्च भरलेला होता आणि तीन नखं मुळापासून उपटलेली होती. ती चार-पाच तास जिवंत होती, असं डॉक्टर म्हणाले. आईला दिसू नये म्हणून मामांनी एकेक बोट पुसलं, उरलेली नखं बारीक कापली, नखं उपटलेल्या बोटांना पट्ट्या बांधल्या. घरी मामींनी विचारलं, नखं कुणी कापली? मामा म्हणाले, "तिथला नियमच असतो तसा."

लेखिकेने डोळे पुसले. मामांना हलकं हलकं वाटलं. हलकं वाटलेलं किती महागात पडतं, हे त्यांना तेव्हा कुठे ठाऊक होतं!

तिसरं पर्व सुरू झालं आणि लोक चाट पडले. मुडदे आता हळू चालत, थोडेच दिसत, आणि प्रत्येक मुडदा शाळेत लपलेल्यांपैकी कुणाचा तरी कुणी होता. दुसऱ्या भागात एक म्हातारी नवऱ्याचा एक बूट उराशी धरून दुसरा शोधत फिरली. कँटीनमध्ये नर्स म्हणाली, "काय सुधारलीय हो मालिका!" मामांची छाती फुगली. "सुधारणारच," ते म्हणाले, आणि मुद्दाम पुढे काही सांगितलं नाही.

चौथ्या भागापर्यंत त्यांच्या तोंडचं जवळजवळ सगळं पडद्यावर येऊन गेलं होतं. काय राहिलंय याचा हिशेब मामांनी केला. राहिली होती फक्त नखं. त्यांनी लेखिकेला फोन केला.

"तो भाग काढा, बाई. पाया पडतो तुमच्या."

"मामा, शूटिंग कधीच झालंय," ती हळूच म्हणाली. "आणि आम्ही आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच आहे. नावगाव कुठेही नाही. कुणाला कळणार?"

ज्याला कळू नये असं जगात एकच माणूस होतं आणि ते दर रविवारी चार वाजता पहिल्या रांगेत बसायचं.

त्या रविवारी मामांनी टीव्हीमागची वायर उपटून खिशात घातली. मामींनी ती सगळीकडे शोधली आणि मग शेजारणीकडची मागून आणली. "चल, जरा फिरून येऊ," मामा म्हणाले. "पाच वर्षांत आजच बरं सुचलं तुम्हाला?" मामी म्हणाल्या आणि बसल्या. मामाही बसले. उठून जायची त्यांची हिंमत झाली नाही.

पडद्यावरच्या बापाने मेलेल्या लेकीला शाळेच्या बाकाला बांधलं होतं. ती हिसके देत होती. तो तिचा एकेक हात धरून नखांतला चुरा पिनेने काढत होता, मग नखं कापत होता. दाराबाहेर तिची आई हाका मारत होती आणि बाप म्हणत होता, "थांब, येऊ नकोस. झालंच." बाकी कसलाही आवाज नव्हता, संगीतसुद्धा नाही. पहिल्या पर्वात असतं तर इथे तीन स्फोट झाले असते.

मामींनी शेवटपर्यंत पाहिलं. मग टीव्ही बंद केला.

"किती वेळ होती?"

सत्तावीस वर्षं लोकांना धीर देणाऱ्या मामांना खोटं सुचेना. "चार तास. पाचही असतील."

मामी रडल्या नाहीत. त्यांनी बोटांवर तास मोजले.

"म्हणजे त्या दुपारी आपण ढिगाऱ्यापाशी उभे होतो तेव्हा होती ती," त्या म्हणाल्या. "मला आवाज आला होता. ठकठक असा. मी म्हटलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, विटा बसताना येतो तसा आवाज. हाताला धरून मला घरी आणलंत."

मामांनी मान खाली घातली. पाच वर्षं ज्याला ते मामींसाठी सांगितलेलं खोटं म्हणत होते, ते कुणासाठी होतं हे आता दोघांनाही कळलं होतं.

"मलाही आला होता," ते म्हणाले. "मी ढिगारा उपसणाऱ्यांच्या साहेबांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, विटा बसतायत, घरी जा. मला ते ऐकून बरं वाटलं गं."