कुठेही येणारी रिक्षा

तरुणपणाची बरीच वर्षं मी हौशी रंगभूमीवर घालवली आणि त्या सबंध काळात माझ्या वाट्याला पहिला गावकरी, दुसरा शिपाई आणि एकदा पडदा उघडण्याआधीच मेलेला सावकार अशी कामं आली. सावकाराचं कौतुक झालं. ‘याने कुठेही अभिनय केला नाही,’ असं परीक्षक म्हणाले आणि ते मी आजही चांगल्या अर्थाने घेतो. सांगायचं एवढंच की नायक व्हायचं राहून गेलं. पन्नाशी उलटली की माणूस अशी राहिलेली कामं मुलांवर ढकलतो. आमची मुलगी त्या बाबतीत हुशार, ती नोकरीच्या निमित्ताने बंगळूरला निघून गेली. मग मी कॉमिक्स वाचायला लागलो.

मोठ्या कंपन्यांची चकचकीत कॉमिक्स नव्हेत. त्यांत दर महिन्याला जग वाचवावं लागतं. मला जग वाचवण्याचा उत्साह नाही. आमच्या इमारतीची पाण्याची मोटर वाचवताना मी थकतो. मी वाचतो ती कुणीतरी नोकरी सांभाळून घरात बसून काढलेली, पदरच्या पैशांनी छापलेली, एखाद्या सभागृहातल्या प्रदर्शनात टेबलावर मांडून विकलेली. त्यांत मारामारी असते पण कुणी फारसं दुखावत नाही. एखाद्या पानावर शाई जरा जास्त झालेली असते. आणि काढणारा माणूस टेबलामागेच बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या चुका त्याला तोंडावर सांगता येतात. पुण्यात वाढलेल्या वाचकाला यापेक्षा मोठं सुख कुठलं?

त्यातली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे एका रिक्षावालीची मालिका. बाई चाळिशी ओलांडलेली. सकाळी शाळेची मुलं पोचवते आणि दुपारी दरोडेखोरांचा पाठलाग करते. तिच्याकडे एकच अद्भुत शक्ती आहे. ती कुठेही यायला तयार असते, आणि मीटरने. सदाशिव पेठेतून कोथरूड म्हटलं तरी आमचे रिक्षावाले मान फिरवतात. ही बाई ‘बसा’ म्हणते आणि सिंहगडाच्या कड्यावरून रिक्षा उडवते. हवेतसुद्धा मीटर चालू असतो. खलनायकाची गाडी पंक्चर झाली तर थांबून त्याला चाक बदलून देते आणि मग पाठलाग सोडला होता तिथून पुढे चालू. हे वाचताना मी एकटाच हसतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, “अहो, बरं आहे ना?”

अशाच एका प्रदर्शनात मी ही मालिका काढणाऱ्या मुलीला गाठलं. मुलगी म्हणजे तिशीची, मूळची अमरावतीची, वाघोलीला राहणारी, कंप्युटर कंपनीत नोकरी करणारी. मी चष्मा सावरला, बोट वर केलं आणि सांगितलं, “तिसऱ्या अंकात तुमची रिक्षावाली लक्ष्मी रोडवरून उलटी जाते. तो एकेरी आहे.”

“काका, तिच्या मागं बॉम्ब घेऊन माणूस लागला आहे.”

“मग त्याने तर मुळीच तिथून यायला नको होतं.”

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि मी मनातून तयारही झालो. पण ती म्हणाली, “काका, बोट तसंच ठेवा,” आणि मोबाइलने माझे फोटो काढले. मग तिने आपली पद्धत सांगितली. उड्या, लटकणं, पडणं हे तिला डोक्यातून काढता येत नाही. आधी कुणाला तरी तसं करायला लावते, फोटो काढते आणि त्यावरून चित्र. “पुढच्या अंकात लय मारामारी आहे. रविवारी याल का वाघोलीला?”

कोणाच्या जागी, हे मी विचारलं नाही. बावन्नाव्या वर्षी माणसाला मारामारीसाठी बोलावणं येतं, तेव्हा त्याला कळायचं ते कळतं.

“जाऊन या,” बायको म्हणाली. “विम्याचा हप्ता भरलाय.”

आम्ही चार मित्र रोज सकाळी पर्वती चढतो. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेवर, धाप लागल्याचं दिसू नये म्हणून, मी जाहीर केलं की एका कॉमिक्सचा पुढचा नायक मी आहे.

आमच्यातला एक दंतवैद्य आहे. समोरचा तोंड उघडं ठेवून गप्प बसतो, याची त्याला व्यवसायामुळे सवय झालेली. तो म्हणाला, “ती रिक्षावाली आहे ना त्यात? मग तुझं काय काम?”

“नवा कुणी येणार असेल.”

“विचारलंस?”

“अशा गोष्टी विचारायच्या नसतात.”

“बरोबर. नाहीतर उत्तर मिळतं.”

तेव्हा मी तिघांनाही अंकाच्या प्रकाशनाला यायचं आमंत्रण देऊन टाकलं. आता माघार नव्हती. आयुष्यात एकदा नायक व्हायचं होतं आणि तेही या तिघांच्या देखत.

वाघोलीला तिच्या इमारतीच्या गच्चीवर मी जे केलं, त्याचं वर्णन मी घरी थोडं वेगळं केलं होतं. प्रत्यक्षात मी पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीला लटकलो होतो आणि माझे पाय जमिनीपासून वीतभर वर होते. “काका, हलून राहिले तुम्ही,” ती खालून म्हणाली. हलत नव्हतो, थरथरत होतो. मग प्लास्टिकच्या स्टुलावर बसून रिक्षा चालवली, गादीवर पडलो, कठड्याच्या पायरीवरून उडी मारली. तीच उडी पुन्हा, आणि पुन्हा. मी ती अधिक रुबाबात मारायला लागलो तर तिने थांबवलं.

“आधीचीच बरी होती. तिच्यात भीती दिसत होती.”

मला हा अभिनयाचा गौरव वाटला. सावकारानंतरचा पहिला.

तेवढ्यात कपडे वाळत घालायला आलेल्या एका बाईंनी मला पुन्हा शिडीवर चढताना पाहिलं. “टाकी धुवायला आलात ना? आमच्या बी विंगचीपण करून जा.” मी खांदे मागे घेतले आणि सांगितलं, “मी चित्रासाठी आलोय.” त्या म्हणाल्या, “रंगवणारे का? मग राहू दे.”

प्रकाशनाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मी, बायको आणि पर्वतीवाले तिघे. मी इस्त्रीचा झब्बा घातला होता. टेबलावर अंकांची चळत होती. दंतवैद्याने वरचा उचलला, पहिलं पान उघडलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. पुण्यात ही वाईट खूण असते.

“सापडलास,” तो म्हणाला.

रिक्षाच्या मागच्या सीटवर मी होतो. चष्मा, टक्कल, वर केलेलं बोट, सगळं हुबेहूब. पुढे बाई जिवाच्या आकांताने रिक्षा पळवतेय आणि मागे बसलेला प्रवासी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोलतोय. ‘हा रस्ता एकेरी आहे.’ ‘पुलावरून जवळ पडलं असतं.’ ‘रिक्षा हवेत असताना जमिनीचं भाडं कसं लावता?’ खलनायक त्याला पळवून नेतात आणि चार चौकटींनंतर स्वतः परत आणून सोडतात.

तिघे मित्र टेबलाला धरून हसले. प्रत्येकाने दोन दोन प्रती घेतल्या. एकाने लगेच फोटो काढून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. मीही हसलो. दुसरा शिपाई म्हणून हसायचा मला सराव आहे.

गर्दी कमी झाल्यावर मी टेबलापाशी गेलो. “तोंड वापरलंत ते ठीक,” मी म्हणालो. “पण वाघोलीला मी शिडीला लटकलो, ते कुठे गेलं?”

तिला प्रश्नच कळेना. “कुठं म्हणजे? सगळीकडं. बाई तुम्हीच आहात ना, काका.”

तिने पानं उलटून दाखवली. शिडीला लटकलेली रिक्षावाली. हवेतली रिक्षावाली. “जिममधल्या पोरापोरींना बोलावून पाहिलं,” ती म्हणाली. “ते जाहिरातीतल्यासारख्या उड्या मारतात. माझी बाई शाळेची रिक्षा चालवते. तिला उडी मारायची हौस नाही, वेळ आली म्हणून मारते. तुम्ही आधी खाली बघता, मग गुडघ्याला हात लावता, मग मारता. मला ते पाहिजे होतं.”

बायको शेजारी उभी होती. तिने अंक हातात घेतला, दोन पानं मागे गेली आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. रिक्षावाली चालत्या ट्रकच्या टपावर उतरतेय, डावा पाय आधी, एक हात कमरेवर.

“हे तुम्ही पलंगावरून उतरता तसं आहे,” ती म्हणाली. मग अंक जरा लांब धरून म्हणाली, “छान उतरलीय.”

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. माझ्या उतरण्याबद्दल ती चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही.

मी जवळजवळ धावत दाराकडे गेलो. तिघांना आत्ताच्या आत्ता दाखवायचं होतं, पानासकट, पुराव्यासकट. तिघेही पायरीवर बसून अंक वाचत होते आणि आता कुणी हसत नव्हतं.

“मागचा तू ठीक आहेस,” दंतवैद्य मान वर न करता म्हणाला. “पण ही बाई बघ. घाबरलीय, कळतंय ते, आणि तरी उडी मारतेय. या वयात जिगर लागते याला. तुला जमेल?”

मी तोंड उघडलं. बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

“छे,” मी म्हणालो. “मला खाली बघितलं तरी गरगरतं.”

दुसऱ्या दिवशी पर्वती उतरताना मी नेहमीसारखा डावा पाय आधी टाकत होतो, एक हात कमरेवर. दंतवैद्य मागून येत होता. बऱ्याच पायऱ्या तो माझे पाय बघत होता.

“काय रे,” तो शेवटी म्हणाला, “त्या रिक्षावालीची नक्कल करतोयस का?”

“प्रयत्न चाललाय,” मी म्हणालो.

“नाही जमत,” तो म्हणाला.