तिच्या लॉगिनवरचे दाखले

लखनौला बदली झाली तेव्हा मला सांगितलं होतं की पेन्शनचं काम म्हणजे आराम. कसला आराम, डोंबलाचा! नोव्हेंबर आला की निवृत्त माणसांचे हयातीचे दाखले सुरू होतात. आपण जिवंत आहोत हे सरकारला दरवर्षी कळवायचं, नाहीतर पेन्शन अडकते. पूर्वी म्हातारी माणसं काठ्या टेकत आमचा जिना चढून यायची. आता घरी बसून मोबाइलसमोर चेहरा धरला की दाखला आमच्या स्क्रीनवर येतो. निशातगंजचं कुणी, मलिहाबादच्या बागेतलं कुणी, एकामागून एक नावं हिरवी होत जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहा हातातच गार झाला माझा. एवढी माणसं एका सकाळी नुसती "आहे, आहे" म्हणतायत आणि ते मला इथे बसून दिसतंय, यावर विश्वासच बसेना.

हे सगळं एका मुलीने बांधलेलं. ती आमची नव्हती, एजन्सीची होती. सॉफ्टवेअरची माणसं आमच्याकडे टेंडरने येतात. टेंडर बदललं की एजन्सी बदलते, आणि बहुतेक वेळा तीच माणसं गळ्यात नव्या ओळखपत्राची पट्टी घालून त्याच खुर्चीत बसतात. ती जन्माने लखनौची, घर मराठी. मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. चारचौघांत मी मॅम, जिन्यात काकू. आई नव्हती तिला. वडील इथल्याच एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. विकास नगरात बापलेक दोघंच राहायची.

यंदा टेंडर बदललं आणि नव्या एजन्सीने नेमका तिच्या जागेवर आपला माणूस आणला. तिला दुसरं काम मिळत होतं, पण नोएडाला. म्हणजे इथे बाबा एकटे, कारण ते घर सोडून हलणाऱ्यातले नव्हते. मी साहेबांशी भांडून आले. ते म्हणाले, आउटसोर्सिंग आहे, कुणाला ठेवायचं ते एजन्सी ठरवणार.

नियमाप्रमाणे शेवटच्या संध्याकाळी तिचं लॉगिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर एकही नाव हिरवं होईना. फोन खणखणायला लागले. घराघरांत म्हातारी माणसं मोबाइलसमोर चेहरा धरून बसलेली, आणि दाखला जातच नव्हता. नवा माणूस घामाघूम. साहेबांच्या तोंडून निघून गेलं की पोरीने जाताना काहीतरी करून ठेवलंय, पोलिसांत द्यायला हवं. माझं डोकंच फिरलं. आधी तिला विचारू तर द्या, म्हटलं, आणि फोन लावला.

ती ऑटोने आली. रोज सलाम ठोकणाऱ्या गार्डने तिला व्हिजिटरचा पास करायला लावला. वर येऊन तिने बघितलं आणि शांतपणे सांगितलं, की सगळे दाखले पुढे सरकतात ते तिच्या लॉगिनवरून, आणि तेच आपण बंद केलंय. सुरुवातीला तिने ऑफिसचं लॉगिन मागितलं होतं. ते कायम नोकरीतल्या अधिकाऱ्याच्या नावावरच मिळतं, आणि उद्या काही बिघडलं तर आपली मान अडकेल म्हणून कुणीच नाव दिलं नाही. मी तेव्हा या विभागात नव्हते. शेवटी तिने स्वतःचं लावलं. म्हणजे अख्ख्या प्रदेशातल्या म्हाताऱ्यांचं जिवंत असणं एका कंत्राटी मुलीच्या नावावर चाललं होतं, आणि आम्हा कायमवाल्यांना पत्ता नाही.

साहेबांचा सूर लगेच बदलला. लॉगिन पुन्हा चालू करा, म्हणाले. नव्या एजन्सीचा मॅनेजर फोनवर होता, तोही गोड झाला. आता मॅडमना ठेवून घ्यावंच लागेल, म्हणाला. मला तर तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. पण ती म्हणाली, नको. माझ्या नावावर ठेवलं तर पुन्हा कधीतरी असंच बंद पडेल, कुणा अधिकाऱ्याच्या नावावर घ्या.

मी तिला दंडाला धरून जिन्यात नेलं. "अगं वेडे, किल्ली तुझ्या हातात आहे. आज देऊन टाकलीस तर उद्या तुला कोण विचारतंय? बाबांचं काय?"

रडते आता, असं वाटलं मला. पण ती म्हणाली, "काकू, बाबा का सर्टिफिकेट भी इसी से जाता है. वो मेरी नौकरी पर टँगा रहे, ये ठीक है क्या?"

एवढ्याशा पोरीपुढे हात जोडावेत असं वाटलं, खरंच सांगते. वर जाऊन म्हटलं, माझ्या नावावर करा. दुपारपर्यंत तिने सगळं माझ्या लॉगिनवर हलवलं, नव्या माणसाला शेजारी बसवून समजावलं, आणि नावं पुन्हा हिरवी व्हायला लागली. तिने बाटलीत पाणी भरून घेतलं, पास गार्डला परत दिला आणि गेली. मॅनेजरचा फोन पुन्हा आलाच नाही.

ती नोएडाला गेली. नोव्हेंबर सरता सरता एका सकाळी विकास नगरचं एक नाव हिरवं झालं. तिच्या बाबांचं. मी हातातलं काम टाकून तिला फोन केला, म्हटलं, आले गं तुझे बाबा.

पलीकडून ती चक्क मराठीत म्हणाली, "काकू, हा दाखला रोज नाही का हो येत?"

स्क्रीनवर नाही येत. तेव्हापासून ऑफिस सुटलं की मी विकास नगरवरून घरी जाते. बाबा दार उघडतात, चहा विचारतात, आणि रोज नेमकी दुधाची पिशवी फोडायची राहिलेली असते, म्हणजे माझं बसणं लांबतं. निघताना जिन्यात थांबून मी तिला एवढंच कळवते, आहेत.